शेवटचं घर नसलेली नळयोजना

पंगतीत ते कायम शेवटच्या पानावर बसायचे. गावात मान होता, यजमान हाताला धरून पुढे न्यायला बघायचे, पण साहेब हात सोडवून मांडवाच्या टोकाला जाऊन बसत. बसल्यावर बोलणं नाही, चालणं नाही. नजर वाढप्यांवर. वरण त्यांच्या पानापर्यंत आलं की मान खाली घालून जेवायला लागायचे. नाही आलं तर उठून थेट आचाऱ्याकडे.

"काऊन बे, बादली कोणत्या पानावर संपली?"

आचारी त्यांना ओळखून होते. एकाने तर साहेब मांडवात दिसले की शेवटच्या पानापासून वाढायला सुरुवात करायची युक्ती काढली. ती साहेबांना मुळीच आवडली नाही. "मी आलो म्हणून उलटं वाढून राह्यला. मी नसलो तं काय करशीन?"

हे सगळं मला इतकं बारीक माहीत असण्याचं कारण म्हणजे मी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करते. नवरा कॅमेरा घेऊन फिरतो, मी खुर्चीत बसून कापते आणि जोडते. मलकापूर आणि आसपासच्या गावांतली कितीतरी लग्नं माझ्या संगणकातून गेली आहेत. पंगतीच्या शॉटमध्ये कॅमेरा पानांवरून सरकत सरकत टोकाला आला की तिथे हे असत, मान वळवून वाढप्याची वाट पाहणारे. मी बरोबर त्यांच्या आधी कापायची. गिऱ्हाइकाला नातेवाईक हवे असतात, आमचे घरमालक नव्हेत.

हो, ते आमचे घरमालक. वर ते राहत, खाली आमचा स्टुडिओ. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नाशकात. सारी नोकरी नळयोजनांवर गेली, कधी घाटावर देऊळगाव राजाकडे, कधी घाटाखाली सोनाळ्याकडे. गाव त्यांना साहेब म्हणायचं, मी काका म्हणायची. शर्टाच्या खिशात पेन नसे, पण नळाचे वॉशर असत. कोणाकडे चहाला गेले आणि न्हाणीघरातून टिपटिप ऐकू आली, की चहा तसाच ठेवून उठायचे. माझ्याकडे सामानाची यादी भिंतीवर लावलेली असे, काय आणायचं, काय आलं, काय द्यायचं. त्या यादीत त्यांनी एकदा मला न विचारता लिहून ठेवलं होतं, 'मोरीतला नळ.' खाली खूणही केली होती. दुरुस्त करून मगच लिहिलं होतं.

आणि पाणी चाखायचे. स्टेशनवर उतरलेला कोणाचाही पाहुणा त्यांच्या समोरून गेला की त्याच्या हातातली बाटली मागून घेत, वर धरून बघत, हलवत, मग एक घोट तोंडात धरून ठेवत आणि सांगत, "घाटावरचं. गोडं." किंवा, "पूर्णेच्या अलीकडचं. खारपाणपट्टा." सहसा बरोबर असायचं. मला हा प्रकार मुळीच पटायचा नाही. कोणाची बाटली, कोणाचं तोंड. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "बाई, माणूस खोटं बोलते, पाणी नाई बोलत."

आता मशीनबद्दल सांगते.

मिक्सिंग संपलं की फिल्म तयार व्हायला संगणकावर सोडून द्यावी लागते. तेव्हा तो पूर्ण ताकदीने चालतो आणि तापतो. आमच्याकडचा उन्हाळा घाटाखालचा. एप्रिलच्या दुपारी खोलीत कूलर लावला तरी तो माणसापुरता. फिल्म निम्मी होत आली की मशीन फटकन बंद. पुन्हा लावा, पुन्हा बंद. दुरुस्तीवाल्याने पंखे वाढवले, आतला लेप बदलला, शेवटी म्हणाला, "मॅडम, एसी बसवा." एसीला घरमालकाची परवानगी लागते. मी वर गेले.

"एसी थंडी करत नाई," काका म्हणाले. "आपली गर्मी उचलून शेजाऱ्याच्या खिडकीत टाकते. माझ्या घरातून हे होणार नाई."

तो उन्हाळा आम्ही मशीनच्या अंगावरचं झाकण काढून, त्याच्यासमोर टेबलफॅन ठेवून काढला. उशीर झाला, बोलणी खाल्ली. एका घरी वरमाईने मला तोंडावर विचारलं की बाळ झाल्यावर देणार का लग्नाची फिल्म.

दिवाळीनंतर एके दिवशी काका जिना उतरून खाली आले. हातात मोबाइल, आवाज पूर्ण मोठा. परदेशातली दोन पोरं संगणकात नळ्या बसवत होती. नळ्यांतून पाणी फिरत होतं आणि आत रंगीत दिवे लागले होते.

"हे पाह्य. हे पोट्टे काय करून राह्यले. प्रोसेसरवर तांब्याची डबी बसवली. डबीतून पाणी चाल्लं, गरम झालं, रेडिएटरात गेलं, थंड झालं, टाकीत आलं. पंपानं पुन्हा वर." मोबाइल माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "टाकी, पंप, पाइप, तोटी. हे तं आपलंच काम आहे बाई."

नवरा म्हणाला, "साहेब, पाणी अन् करंट एका डब्यात ठेवाचं म्हणता?"

"तुह्या घरात गिझर हाये का नाई?" काकांनी विचारलं.

माझ्यापुरता हिशेब साधा होता. अक्षय तृतीयेपासून लग्नांची रांग लागते. त्याआधी मशीन न थांबता चालायला हवं. पुन्हा एक उन्हाळा तसा गेला असता तर गिऱ्हाईक खामगावला गेलं असतं. काकांसाठी यात काय होतं ते मला नंतर कळलं.

नियोजन सुरू झालं. नियोजन हा त्यांचाच शब्द. 'मशीनला पाणी लावायचं' असं मी म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. आमच्या जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते नकाशे काढायचे. प्रोसेसर हे एक घर, फिल्मचं चित्र सांभाळणारं ग्राफिक्स कार्ड हे दुसरं घर. दोन्ही तापणारी. पहिलं पाणी कोणाला?

एवढ्या एका प्रश्नावर मार्गशीर्ष गेला.

"पहिल्या घराले थंड पाणी, अन् दुसऱ्याले त्याचं उष्टं?" ते म्हणायचे. "नाई जमत."

मग दोन्ही घरांना वेगळी लाइन काढली. मग त्या दोन लाइनींत पाणी सारखं जाईल कशावरून, म्हणून ती खोडली. मग दोघांच्या मध्ये आणखी एक रेडिएटर घातला. तो डब्यात मावेना. त्या परदेशी पोरांनी स्पष्ट सांगितलं होतं की कोणतं घर आधी, कोणतं नंतर, याने फारसा फरक पडत नाही. काकांचा विश्वास बसला नाही. त्यांनी गच्चीवर दोन बादल्या, नळी आणि कूलरचा जुना पंप मांडून पाणी गोल फिरवलं, मध्ये गरम पाण्याच्या पातेल्यात नळीचं वेटोळं बुडवलं, आणि तापाचं थर्मामीटर घेऊन सकाळभर इकडून तिकडे फिरले. दुपारी खाली आले तेव्हा चेहरा मोकळा होता, पण थोडा गोंधळलेला.

"खरं हाये त्याइचं. पाणी एवढ्या जोरात फिरते, की उष्टं व्हायले टाइमच नाई. सारं पाणी सारखंच."

"मग झालं की काका."

ते खुर्चीत बसले. "बाई, या योजनेत शेवटचं घरच नाई."

आनंदाने म्हणाले की काळजीने, मला कळलं नाही. मी यादीत लिहिलं: जोडणीचा क्रम, ठरला.

सामान यायला लागलं. दुरुस्तीवाल्याने एका मोटारसायकलचा रेडिएटर स्वस्तात देऊ केला. काकांनी तो नखाने खरवडून परत केला. "ॲल्युमिनियम हाये. तांब्याची डबी अन् हे, एका पाण्यात नांदत नाईत. एक दुसऱ्याले खाते." तांब्याचा मागवला. पाण्याचं काय करायचं हा प्रश्न आला तेव्हा मात्र ते क्षणभरही थांबले नाहीत. नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच, आमच्या पाण्यात मीठ किती ते कूलरच्या जाळीवर दिसतंच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी, कॅनमधलं. "त्यात काईच नसते," ते म्हणाले. शेवाळ धरू नये म्हणून टाकीत टाकायला चांदीचा लहान तुकडाही त्यांनी सराफाकडून आणून ठेवला.

शिमगा आला. सगळं सामान कपाटात होतं, भिंतीवरच्या यादीत सगळ्यांपुढे खूण होती. जोडायचं तेवढं राहिलं होतं.

इथे मला त्यांची एक सवय सांगायला हवी. काका नेहमी आपल्या वऱ्हाडीत बोलायचे. पण आतून घाबरले की त्यांच्या तोंडून सरकारी मराठी यायची. मुलीच्या बाळंतपणाचा फोन आला तेव्हा ते तिला म्हणाले होते, "पुढील माहिती त्वरित कळविण्यात यावी."

"काका, होळी झाली. आता जोडू या."

"सदर बाबतीत पुनर्पडताळणी आवश्यक आहे."

"कशाची?"

"एकंदरीत."

मी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. दरवेळी नळीचा एखादा वाक नव्याने मोजायला काढायचे. उन्हं तापायला लागली होती. गुढीपाडव्याच्या सुमारास मशीन पुन्हा एकदा मध्येच बंद पडलं, तेव्हा मी सगळे नकाशे गोळा करून त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हटलं, "काका, तुम्हाला जमत नसेल तर सांगा. मी दुसरी सोय बघते. पण मला आज कळू द्या."

ते रागावले नाहीत. नकाशांच्या कडा सारख्या करत राहिले.

"सोनाळ्याच्या बाजूले एक योजना केलती म्या," ते म्हणाले. "चार वस्त्या होत्या. कागद बरोबर, पाइप बरोबर, चाचणी बरोबर. लोकं जमले, हारतुरे झाले, म्या माह्या हातानं वॉल खोलला. तीन वस्त्याइत पाणी आलं. चौथी नाल्यापलीकडं. तिथल्या तोटीतून नुसती हवा आली. शीऽऽ. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. त्या तोटीकडं नाई, माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या."

"मग?"

"मग काय. म्हटलं, उद्या येतो. चढाचा अंदाज माहा चुकला होता. दुरुस्ती मंजूर होता होता माही बदली झाली."

"आलं का पाणी नंतर?"

"आलं असन. मी पाह्याले गेलो नाई." नकाशे त्यांनी माझ्याकडे सरकवले. "तवापासून वॉल मी दुसऱ्याले खोलाले सांगतो."

मी ते उचलून कपाटात ठेवले. मग म्हटलं, "बरं. वॉल मी खोलते. जोडायचं तेवढं तुम्ही करा."

दुसऱ्या दिवशी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. हात स्थिर होते. नळी गरम पाण्यात धरून मऊ करायची, तोटीवर सरळ बसवायची, चावीने एकच पक्का पीळ द्यायचा. टाकी सगळ्यात वर, पंप तिच्या पोटात, हवा निघायला वरचं झाकण. रेडिएटर डब्याच्या बाहेर, खिडकीकडच्या अंगाला. शेवटी त्यांनी कूलरकडे पाहिलं आणि नवऱ्याला सांगून तो खिडकीतून उचलून स्टुलावर ठेवायला लावला, झोत बरोबर रेडिएटरवर येईल असा.

"साधी हवा काऊन द्याची? कूलरची थंडगार देऊ. एसीवाल्याइले दाखवून देऊ."

आम्हा तिघांनाही हे फारच हुशारीचं वाटलं. कूलरला त्याच आठवड्यात नव्या वाळ्याच्या ताट्या घातल्या होत्या. वासही छान येत होता.

चाचणीची पद्धत अशी. मशीनला करंट द्यायचा नाही, नुसता पंप चालवायचा. प्रत्येक जोडाखाली टिपकागदाची घडी ठेवायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी फिरू द्यायचं. एकही घडी ओली झाली नाही, तरच मशीन सुरू करायचं. मी बटण दाबलं. पंपाने आधी हवा ओढली आणि शीऽऽ असा बारीक आवाज आला. काका जागच्या जागी थिजले. मग टाकीतलं पाणी झपकन खाली गेलं, मी वरून ओतत राहिले, बुडबुडे वर आले आणि आवाज बंद झाला. पाणी फिरत होतं.

दिवसभर ते खुर्ची टाकून समोर बसले. कूलरच्या झोतात, मधूनमधून चष्मा काढून शर्टाला पुसत. दुपारी मी चहा घेऊन आले तेव्हा ते उभे होते.

कार्डाखालच्या जोडाची घडी ओली होती.

त्यांनी पंप बंद केला, पाणी काढलं, तो जोड सोडवला, वॉशर बदलला, पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी. दुपारी पुन्हा तीच घडी ओली. तिसऱ्यांदा त्यांनी तोटीच नवी घातली. घडी ओली. अक्षय तृतीया दारात उभी होती, पहिल्या लग्नाचं शूटिंग होऊन आलं होतं, आणि माझं मशीन आतडी बाहेर काढल्यासारखं टेबलावर पडलं होतं.

"सदर योजना तांत्रिक कारणास्तव बंद करण्यात येत आहे," काका म्हणाले. त्यांनी वॉशर खिशात घातले. "झालेला खर्च भाड्यातून कापून घे. एसी बसव. माही हरकत नाई."

एसीला हरकत नाही म्हणाले तेव्हा मला खरी भीती वाटली. हा माणूस वर गेला तर पुन्हा खाली येणार नाही.

मी टेबलावरच्या उघड्या मशीनकडे बघत राहिले. मला जोडातलं कळत नाही, पण तपासणीची पद्धत कळते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बदलून तेच होत असेल, तर चूक त्या गोष्टीत नसते. मी ती ओली घडी चिमटीत धरून त्यांच्यासमोर नेली.

"काका, चाखून बघा."

"काय?"

"तुम्ही सगळ्या गावाचं पाणी चाखता. हे चाखा. आपल्या नळीतलं असेल तर चव नसेल. कॅनमध्ये काहीच नसतं म्हणालात ना."

त्यांनी घडी हातात घेतली. तोंडाकडे नेली नाही. नवरा कॅमेऱ्याची पिशवी भरत होता, तोही थांबला.

"तूच पाह्य," ते म्हणाले.

"मला काय कळणार? जीभ तुमची आहे."

"नाई राह्यली." घडी त्यांनी परत माझ्या हातात दिली. "तो मोठा ताप आलता ना मले. तवापासून चव लागत नाई. वरण काय अन् चहा काय, सारखंच."

"आणि ते बाटल्यांचं? घाटावरचं, खारपाणाचं?"

"बाटलीच्या बुडाले पांढरं बसलं हाये का पाह्यतो. पाहुणा कोणत्या बाजूच्या गाडीतून उतरला ते पाह्यतो. घोट उगाच घेतो." ते किंचित हसले. "लोकाइले आवडते. कागदाले बूड नाई बाई. मले याच्यात काई दिसत नाई."

दुसऱ्याची बाटली तोंडाला न लावणारी मी. पण दुसरं कोण होतं? घडीचं टोक जिभेवर टेकवलं.

"खारट," मी म्हटलं.

"पुन्हा पाह्य."

पुन्हा टेकवलं. खारट, आमच्या बोअरसारखं, जिभेच्या कडेला लागणारं. मग कॅनच्या झाकणातलं पाणी बोटावर घेऊन चाखलं. काहीच लागलं नाही.

काका माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, उजेडाकडे धरला. काचेवर बारीक पांढरे ठिपके होते. दिवसभर ते तेच पुसत होते. ते वळून कूलरसमोर गेले आणि झोतात तळहात धरला. आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत होतो. एक बारीक थेंब येऊन बसला. मग आणखी एक. नव्या ताट्या एका अंगाने सैल बसल्या होत्या, त्यातून ओघळणारं पाणी पंखा उडवत होता. उडालेला तुषार नळीवर बसायचा, नळीवरून उतरत सगळ्यात खालच्या वाकाला यायचा आणि तिथून कार्डाच्या जोडाखाली टपकायचा.

कूलर तिथे ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं.

"सारी नोकरी पाइपातलं पाणी पाह्यलं," ते म्हणाले. "बाहेरून येणारं पाह्यलंच नाई." आणि ते हसायला लागले. मोठ्याने नाही, पोट हलेल इतकंच. "एसीवाल्याइले दाखवून देत होतो म्हणे."

"तुमचा जोड पक्का होता साहेब," नवरा म्हणाला. "तीनदा पक्का होता."

कूलर परत खिडकीत गेला. रेडिएटरला साधे पंखे, साधी हवा. सगळं पुसून कोरडं केलं, नव्या घड्या ठेवल्या. पंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला. संध्याकाळी काकांनी एकेक घडी उचलली, गालाला लावून पाहिली आणि माझ्या हातात दिली. सगळ्या कोरड्या. चांदीचा तुकडा टाकीत सोडला. आता खरं मशीन सुरू करायचं होतं. मी बटणाकडे हात नेला.

"थांब व माय," ते म्हणाले. "मी खोलतो."

त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला, पडदा उजळला. मी लग्नाची फिल्म तयार व्हायला सोडली आणि आम्ही पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा बघत बसलो. तो वर चढला, चढता चढता मंदावला आणि एका जागी येऊन थांबला. फिल्म शेवटपर्यंत गेली. मशीन बंद पडलं नाही. काकांनी एक बोट प्रोसेसरच्या नळीला लावलं, दुसरं कार्डाच्या नळीला, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"सारखंच हाये," ते म्हणाले. "दोघाइले सारखंच."

त्या मोसमात आमचं एकही काम अडलं नाही. त्या टोमणा मारणाऱ्या वरमाईच्या धाकट्या मुलाच्या लग्नाचं कामही आमच्याकडेच आलं.

पाणी चाखायचं त्यांनी सोडलं नाही. पण आता मी जवळ असले तर बाटली आधी माझ्याकडे द्यायचे. मी घोट घ्यायची, खारं की गोडं ते हळूच सांगायची, आणि मग ते गाव सांगायचे. पाहुणे आमच्या दोघांकडे बघत राहायचे. नवरा म्हणायचा, धंदा बदलला का.

पुढच्या वर्षी मुलगी येऊन त्यांना नाशकाला घेऊन गेली. जाण्याआधी एका सकाळी ते एकटेच एसटीने सोनाळ्याकडे जाऊन आले. कशाला गेला होतात, मी विचारलं.

"नाल्यापलीकडं गेलतो. आता तिथं घरोघरी तोटी हाये. दुसऱ्या कोणी केली." खिशातले वॉशर चाचपत ते म्हणाले, "एका घरची टिपकत होती. बसवून आलो."

नाशकाहून त्यांचा फोन ऊन तापायला लागलं की यायचा. तब्येतीचं नंतर, आधी प्रश्न, "पाणी चालू हाये ना?" मी म्हणायची, चालू आहे काका. मागच्या पावसाळ्यानंतर फोन आला तो त्यांच्या मुलीचा.

मशीन तेच आहे. दर फाल्गुनात मी जुनं पाणी काढते, नळ्या बघते, कॅनमधलं नवं पाणी भरायच्या आधी झाकणात घेऊन एक थेंब जिभेवर ठेवते. यादीत तसं लिहिलेलंच आहे. घड्या ठेवते, गालाला लावून बघते.

आणि पंगतीचा शॉट आता मी शेवटच्या पानापर्यंत जाऊ देते. गिऱ्हाईक कधी कधी विचारतं की टोकाला बसलेला हा कोण, आमच्यातला तर नाही. मी म्हणते, असू द्या. वरण त्याच्यापर्यंत पोचलं का तेवढं बघते, आणि मग कापते.